जवारी कुणाच्या हातची

तडा चारच्या आकड्यापाशी सुरू होत होता. काचेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका, तिथून निघालेली रेघ तेवीस मिलिमीटर सरळ, मग तिला दोन फाटे. मी भिंगाखाली मोजलं. यात नवल काही नव्हतं. पुण्यात आमच्या कामावर दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांपैकी निम्म्यांची काच अशीच कडेला मार लागून गेलेली असते. नवल हे होतं की रेघेवरून नख फिरवलं तरी ती लागत नव्हती. तडा भरलेला होता. मधाच्या रंगाचं काहीतरी त्यात काठोकाठ बसवून, वरून घासून, काचेच्या पातळीला आणलं होतं.

"अब्बा, हे काय भरलंय यात?"

"चपडा लाख," अब्बा म्हणाले. "स्पिरिटात विरघळवली, सात हात दिले. भोपळा चिरला तर टाकून देतो काय आपण?"

"हा भोपळा नाही."

"ते दिसतंय की मला. भोपळ्याला नऊ हात लागतात."

माझ्या अब्बांचं नाव नूरुद्दीन. मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत आमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे आणि अब्बा त्यातली चौथी पिढी. मोठाले भोपळे वाळवून, कापून, त्यांना तुणाच्या लाकडाची दांडी जोडून तंबोरा तयार होतो. पण तो नुसता आकार असतो. तो बोलायला लागतो जवारीनं. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा किंचित उतरता घासायचा असतो, इतका किंचित की तार थरथरताना त्या उतारावर पुढेमागे टेकत राहते. प्रत्येक टेकण्यातून एकेक वरचा स्वर फुटतो आणि एका तारेतून दहा-बारा स्वरांचा झोत निघतो. उतार केसाच्या दहाव्या हिश्श्यानं चुकला तरी तार नुसती टणटण वाजते. तो उतार कानशीनं काढायचा आणि कानानं तपासायचा. शेवटी तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. आमच्या गल्लीत तंबोरे करणारे बरेच आहेत. जवारी काढणारे हात मात्र मोजके.

सहा वर्षांपूर्वी अब्बांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. आजोबांनाही होती. पहिल्यांदा चहा सांडायला लागला, मग सही बदलली, मग कानस. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून हे घड्याळ आणून त्यांच्या मनगटावर बांधलं. ते बनवणाऱ्या गटात मी काम करते. दुकानात सगळे त्याला थरथरीचं घड्याळ म्हणतात. अब्बा त्याला मुकादम म्हणतात, कारण ते हाताच्या मागे उभं राहून सारखं सुधारत असतं.

हे नाव बरंचसं बरोबर आहे. माणसाचा हात सेकंदाला चार ते बारा वेळा थरथरतो. घड्याळाच्या पट्ट्यातून मनगटातल्या नसांना अगदी हलके विद्युतझटके दिले, आणि ते थरथरीच्या बरोबर उलट ठेक्यात पडले, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि हात शांत राहतो. अडचण एकच होती. कानशीचा बारीक हातही सेकंदाला पाच-सहा वेळाच चालतो. थरथर कुठली आणि काम कुठलं, हे घड्याळानं कसं ओळखावं? म्हणून आम्ही त्याला माणसाचा हेतू शिकायला लावलं. पहिले काही महिने ते फक्त पाहतं. हाताला कुठे जायचं असतं, किती दाबायचं असतं, कुठे थांबायचं असतं, याचा एक नकाशा तयार करतं. पुढे हात त्या नकाशावरून ढळला की त्याला परत रस्त्यावर आणतं. तिसऱ्या महिन्यात अब्बांनी पुन्हा जवारी काढली. त्या दिवशी फोनवर त्यांनी नुसता तंबोरा ऐकवला.

आणि काच. आमच्या घड्याळात काच म्हणजे झाकण नव्हे, कान आहे. मनगटाच्या हाडातून नाडीचा जो ठोका वर येतो त्याचा बारीक आकार ती ऐकते, आणि हा आकार प्रत्येक माणसाचा वेगळा असतो. त्यावरून घड्याळ आपला मालक ओळखतं. नुसता तडा गेला असता तर काच खुळखुळली असती आणि घड्याळ बिघाड दाखवून थांबलं असतं. अब्बांच्या सात हातांनी ती घट्ट झाली. पण लाख मऊ असते, बारीक थरथर पिऊन टाकते. घड्याळाला नाडीचे ठोके मोजता येत होते, त्यांचा आकार कळत नव्हता. ते चालू होतं, फक्त कुणाच्या हातावर आहे हे त्याला माहीत नव्हतं.

अशा वेळी काय करायचं, यावर चार वर्षांपूर्वी आमची एक लांबलचक बैठक झाली होती. कुणी म्हणालं, ओळख पटली नाही तर घड्याळ बंद व्हावं. मी म्हणाले, समोर उकळता चहा धरलेला माणूस असेल तर? शेवटच्या मालकावर विश्वास ठेवून चालू राहू दे. माझं म्हणणं मान्य झालं. आता कुठे कुठे गैरवापराच्या तक्रारी आल्यामुळे तो निर्णय मागे घेतला जात होता. एक फेब्रुवारीपासून तडा गेलेली सगळी घड्याळं आपोआप थांबणार होती. त्या कागदावरही माझीच सही होती. आज सोमवार, अठ्ठावीस जानेवारी. म्हणून मी नवी काच घेऊन आले होते.

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणाले. "आत्ता बदलू?"

"आत्ता नको. गुरुवारी हुद्दारबाई येणार आहेत, धारवाडहून. त्यांचा तंबोरा जवारीला आहे."

"तरी आजच बदलायला हवी. शुक्रवारपासून हे घड्याळ चालणारच नाही, आणि नव्या काचेवर त्याला तुमचा हात पुन्हा शिकायला महिने लागतात."

"त्या गेल्यावर बघू की," असं म्हणून अब्बांनी घड्याळ माझ्या हातून काढून घेतलं आणि बाही खाली ओढली. मला एवढंच कळलं की त्यांना काच नको आहे. का नको, ते कळलं नाही.

घड्याळातली नोंद मी आधीच उतरवून घेतली होती. दुपारी ती उघडून बसले. अब्बांच्या थरथरीचा पुढचा अंदाज घ्यावा, एवढाच विचार होता. तडा आठ महिन्यांपूर्वीचा. त्यानंतर रोज, शुक्रवार सोडून, सकाळी दहा ते दोन या वेळात नाडी बदलत होती. एरवी मिनिटाला अडुसष्ट. या चार तासांत ब्याऐंशी. थरथर मुळीच नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाची नाडी रोज दहाच्या ठोक्याला तिशीतल्या माणसाची होत नाही.

घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर होतं. आणि तो हात कानस चालवत होता.

तो हात कुणाचा असू शकतो याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. माझा धाकटा भाऊ इलियास दुकान सांभाळतो, तंबोरे खोक्यात भरून परदेशी पाठवतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. पण षड्ज आणि स्कूटरचा हॉर्न यांतला फरक त्याला आजवर कळलेला नाही, आणि हे तो स्वतःच सांगतो. राहिली त्याची बायको आफरीन. लग्नाआधी ती सांगलीला चष्म्याच्या दुकानात भिंगांच्या कडा घासायची.

मी नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली. पहिल्या आठवड्यात मुकादमानं तिचा हात मिनिटाला एक्केचाळीस वेळा सुधारला होता. त्याला वाटलं असणार, अब्बांची थरथर वाढली. नकाशा अब्बांचा, हात तिचा. जिथे जिथे ती अब्बांसारखं करत नव्हती तिथे तिथे तो तिला अब्बांच्या रस्त्यावर आणत होता. थरथर आणि नवखेपणा यांतला फरक आम्ही त्याला शिकवलाच नव्हता. दुसऱ्या महिन्यात एकोणीस. चौथ्यात सहा. शेवटचे दोन महिने शून्य.

मी वहीत लिहिलं: हात पूर्ण जुळला. मी दहा वर्षांची असताना अब्बांकडे कानस मागितली होती. ते म्हणाले होते, सूत लाव तू, सुताला तुझी बोटं चांगली आहेत. मी सहा वर्षं सूत लावलं. कानस मिळाली नाही. मग मी बारावीला पदार्थविज्ञानात पहिली आले आणि पुण्याला गेले, आणि कंपनं हाच विषय घेतला. त्यात योगायोग काही नव्हता.

आफरीन परसात वाळत घातलेले भोपळे फिरवत होती. एकेकाला उचलायचं, बोटानं वाजवायचं, दुसऱ्या कुशीवर ठेवायचं.

"आपा, उन्हात कशाला आलात? बसा की सावलीला."

"भाभी, हात दाखव बघू."

तिनं दोन्ही हात पुढे केले. मग माझ्या तोंडाकडे बघून उजवा मागे घेतला. मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ होता.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," ती म्हणाली. "मी इलियासना म्हटलं होतं, आपा मशीनला विचारतील आणि मशीन खोटं बोलणार नाही."

"कुणी सुचवलं?"

"कुणीच नाही. काच फुटली त्या दिवशी अब्बांनी घड्याळ वाळवायला खिडकीत ठेवलं होतं. लाख वाळली का बघायला मी हातात घातलं. समोर एक टाकाऊ घोडी पडली होती. सहज कानस उचलली, तर कुणीतरी मागून हात धरल्यासारखं झालं. लहानपणी पाटीवर हात धरून गिरवायला लावतात ना, तसं. अब्बा दारात उभे होते. मला वाटलं आता ओरडा बसणार. ते म्हणाले, 'परत कर.' मी घड्याळ काढून परत करायला लागले, तर म्हणाले, 'ते नव्हे. परत घास.'"

मला हसू आलं.

"बरं, आता ऐक," मी म्हणाले. "काच बदलली की ते अब्बांशिवाय कुणाच्या हातावर चालणार नाही. पण तू घाबरू नकोस. मी नोंद बघितली आहे. दोन महिने झाले, त्यानं तुला एकदासुद्धा सुधारलेलं नाही. तुझा हात अब्बांच्या हाताशी तंतोतंत जुळलाय."

आफरीननं हातातला भोपळा खाली ठेवला.

"आपा, दोन महिने ते बंद असतं."

"काय?"

"झटके बंद करून घालते मी. बाजूचं बटण तीनदा दाबलं की होतं ना बंद. तिसऱ्या तारेखाली मला कानस जरा लवकर उचलावीशी वाटते. ते उचलू द्यायचं नाही, खाली दाबायचं. तीन आठवडे भांडले मी त्याच्याशी. मग म्हटलं, बस गप."

निसर्गात चोख शून्य सहसा मिळत नाही. मिळालं तर आधी यंत्र चालू आहे का बघायचं, हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवते. मी वहीतली ओळ मनातल्या मनात खोडली.

"बंदच आहे तर घालतेस कशाला?"

"अब्बा समोर बसतात, डोळे मिटून. माझ्या हातात घड्याळ असलं की म्हणतात, 'हां, माझाच हात चाललाय.' चहा मागतात, गोष्टी सांगतात. ते नसेल तर उठून जातील की काय, अशी भीती वाटते." तिनं भोपळा दुसऱ्या कुशीवर वळवला. "पण आपा, काच बदला तुम्ही. ते चार तास घड्याळ माझ्याकडे असतं ना, तेव्हा त्यांच्याकडे नसतं. दिवाळीनंतर मोरीच्या पायरीवर पडले. वीस मिनिटं तिथंच होते. घड्याळ हातात असतं तर पडल्याबरोबर त्यानं आम्हाला कळवलं असतं. मी आत कानस चालवत होते आणि मला आवाज आला नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी कसम घातलीय त्यांनी."

"आणि तू सांगितलंस."

"कसम इलियासना घातली होती. मी तिथं नव्हते."

संध्याकाळी अब्बा दुकानाच्या पायरीवर बसले होते. घड्याळ हातावर होतं, तरी सवयीनं चहाची पेली दोन्ही हातांनी धरलेली. मी शेजारी बसले. समोर रस्त्यावरून विजेच्या रिक्षा आवाज न करता जात होत्या. अब्बांना त्या आवडत नाहीत. म्हणतात, येताना सांगत नाहीत.

"मोरीत पडलात म्हणे."

"बसलो होतो जरा."

"वीस मिनिटं?"

"थंड होतं तिथं."

माझ्या गप्प बसण्याला अब्बा पूर्वीपासून घाबरतात. थोड्या वेळानं म्हणाले, "आफरीननं सांगितलं."

"घड्याळानं सांगितलं. बाकीचं तिनं. अब्बा, तिला ते घड्याळ लागत नाही. ती ते..."

"बंद करून घालते. माहीत आहे." त्यांनी चहावर फुंकर मारली. "मुकादम काम करताना कुणकुणतो. खर्जाच्या जरासा वर. दोन महिने झाले, तो मुका आहे. मला काय ऐकू येत नाही काय? आणि तिसऱ्या तारेला ती हात उचलते तो माझा नाही. माझा जड आहे. तिचा उघडतो."

"चांगला की वाईट?"

अब्बांनी पेली पायरीवर ठेवली. "चांगला," ते म्हणाले. हा शब्द ते कुणाच्याही जवारीबद्दल सहसा वापरत नाहीत. स्वतःच्या तर नाहीच.

"मग सांगितलं का नाही? तिला, गिऱ्हाइकांना. हुद्दारबाई दर वेळी विचारतात."

आमच्या दुकानाची एक रीत आहे. तंबोरा घेऊन जाताना गिऱ्हाईक तारा छेडतं आणि विचारतं, जवारी कुणाच्या हातची? आणि ज्याचा हात असेल त्याचं नाव दुकानाच्या मालकानं स्वतःच्या तोंडानं घ्यायचं. कागद नाही, शिक्का नाही. एवढ्यावर तंबोरा देशभर जातो. गेल्या दोन वेळा हुद्दारबाईंनी विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, "दुकानाचीच की, बाई."

"माझं नाव आमच्या अब्बांनी घेतलं, तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो," अब्बा म्हणाले. "कोल्हापूरचे एक गवई आले होते. अब्बांनी माझं नाव घेतलं आणि त्याच हातानं त्यांची कानस फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. परत कधी उतरवली नाही. दुसऱ्याचं नाव घेतलं की आपली कानस ठेवायची, असंच आहे आमच्यात. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. रोज दुकानात यायचे. नुसते बसायचे."

"तुम्ही तसंही आठ महिने कानस धरलेली नाही, अब्बा."

"धरली नाही. ठेवलीही नाही." ते माझ्याकडे बघून हसले. "तू शिकलेली आहेस. यातला फरक तुला कळेल."

कळत होता. घड्याळ तिच्या हातावर आहे तोवर जवारी त्यांचीच होती. काचेतला तडा हा त्यांच्यासाठी बिघाड नव्हताच. एक फट होती, जिच्यातून आपलं काम अजून चालू आहे असं त्यांना बघता येत होतं. म्हणून त्यांनी ती इतकी सुबक भरली होती.

"एक सांगते," मी म्हणाले. "नवी काच बसवली की जुना नकाशा पुसला जातो. तो दुसरीकडे उतरवून ठेवता येत नाही, मी पाहिलं. तुमचा हात, जसा तीन वर्षांपूर्वी होता तसा, फक्त त्या घड्याळात आहे."

अब्बांनी पायरीवरची पेली पुन्हा दोन्ही हातांनी उचलली.

"आणि मी मागितली होती तेव्हा?" मी विचारलं. हा प्रश्न इतकी वर्षं मी कुठे ठेवला होता कोण जाणे. "मला का नाही दिलीत?"

"तुला दिली असती तर हे घड्याळ कुणी केलं असतं, असं म्हणणार होतो," अब्बा म्हणाले. "पण ते बरोबर नाही. तेव्हा मला वाटलं, मुलगी आहे, हात घेऊन दुसऱ्या घरी जाईल. म्हणून नाही दिली. आता बघ, दुसऱ्या घरून आलेली हात घेऊन बसलीय." पेलीतला गार झालेला चहा त्यांनी पायरीखाली ओतला. "चुकलंच ते. काच तुझ्याजवळ ठेव. गुरुवारी बघू."

गुरुवारी दहा वाजता हुद्दारबाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, पायात कापडी बूट, बरोबर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. वीस वर्षं मैफिलीत गायल्या, पुढची तीस शिकवतायत. त्यांचा पहिला तंबोरा आजोबांच्या हातचा.

"नूरुद्दीन, किती वाळलास रे. भोपळ्यांबरोबर तुलाही उन्हात ठेवतात की काय?"

"तुम्ही गाता म्हणून मी उभा आहे, बाई."

"मी गात नाही आता. ओरडते. पोरं त्याला गाणं म्हणतात."

तंबोरा गादीवर आडवा होता. शेवटचा हात बाकी होता. एरवी या वेळी अब्बा मनगटाचा पट्टा सोडून घड्याळ आफरीनच्या हातात देत. आफरीन नेहमीसारखी उजवा हात थोडा पुढे करून बसली. अब्बांनी पट्टा सोडला. घड्याळ क्षणभर तळहातावर तोललं आणि माझ्याकडे दिलं.

"बदल," ते म्हणाले.

आफरीननं माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. अब्बा गादीवर बसले, डोळे मिटले, उजवा हात डाव्यानं धरून मांडीवर ठेवला. तो थरथरत होता. तिनं रिकाम्या मनगटानं कानस उचलली.

मी कोपऱ्यातल्या मेजावर घड्याळ ऊबदार पट्टीवर ठेवलं. काचेखालचा डिंक सुटायला साठ अंश लागतात. त्याच्या आधीच लाख मऊ पडली आणि खोलीभर तो वास पसरला, ज्या वासात मी लहानाची मोठी झाले. पाठीमागे कानस चालत होती. मी न बघता मोजत होते. सेकंदाला पाच, कधी सहा. तिसऱ्या तारेखाली आली तेव्हा आवाज किंचित लवकर तुटला. अब्बांनी डोळे उघडले नाहीत. उठूनही गेले नाहीत.

"आफरीन," ते म्हणाले, "सकाळचा चहा राहिलाय माझा. हे झालं की टाक."

"टाकते, अब्बा," ती म्हणाली. कानस थांबली नाही.

जुनी काच अखंड निघाली, तडा आणि लाखेसकट. मी ती रुमालात गुंडाळली. नवी बसवली. पडद्यावर प्रश्न आला: आधीचा मालक आणि त्याच्या हाताचा नकाशा कायमचा पुसायचा आहे का? मी बोट वर धरलं आणि थांबले. तीन वर्षांपूर्वीचा नकाशा होता. त्यांचा जड हात होता त्यात. मी दहा वर्षांची असताना जो बघितला होता तोच.

"अब्बा, विचारतंय. पुसू?"

"पुस की," अब्बा डोळे मिटूनच म्हणाले. "मुकादमाला नवीन नोकरी दे. मला चहा पिताना सांभाळ म्हणावं. तेवढंच काम आहे आता."

मी बोट टेकवलं. वर्तुळ एकदा फिरलं आणि पडदा कोरा झाला. घड्याळ मेजावर तसंच राहू दिलं. नव्या डिंकाला वाळायला तास हवा होता.

आफरीननं कानस ठेवली आणि घोडीवरची भुकटी फुंकली. मग सवयीनं अब्बांकडे बघून सुताचं रीळ त्यांच्या बाजूला सरकवलं.

"मला कशाला देतेस?" अब्बा म्हणाले. "माझा हात बघ. तस्नीमला दे. सुताला तिची बोटं आहेत."

बावीस वर्षं मी सूत धरलं नव्हतं. चार धागे तोडले, चार तारांखालून घातले आणि एकेक मागे-पुढे सरकवत बसले. पहिल्या तारेला वेळ लागला. टणटण, मग चरचर, मग एकदम एका जागी तार उघडली आणि तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक बाहेर पडायला लागले. यामागचं गणित मला येतं. मी ते पाच वर्षं शिकवलंय. त्या वेळी मी फक्त बोटांनी ऐकत होते. तिसऱ्या तारेपाशी मला थांबावं लागलं. तिची जागा अब्बांच्या जवारीत असायची तिच्यापेक्षा एक तांदूळभर पुढे होती, आणि तिथे ती जास्त मोकळी होती.

हुद्दारबाईंनी तंबोरा उभा केला, भोपळ्याशी गाल टेकवला आणि छेडायला सुरुवात केली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. आफरीन भिंतीला टेकून उभी होती, ओढणीच्या टोकानं मनगटावरचा वळ झाकत. इलियास दारात आला आणि बूट न काढता तिथंच थांबला.

बाईंनी तारांवरून हात काढला. आवाज खोलीत राहिला आणि सावकाश विरला.

"गेल्या वर्षीपासून मला वाटतच होतं," त्या म्हणाल्या. "पण मी विचारते, तू दुकानाचं नाव सांगतोस. आज नीट सांग. नूरुद्दीन, जवारी कुणाच्या हातची?"

अब्बांनी डोळे उघडले. मांडीवरचा हात सोडून दिला. तो थरथरत राहिला आणि त्यांनी तो परत धरला नाही. त्याच हातानं गादीवरची कानस उचलली. एका खेपेत ती फडक्यात बसेना. कुणी मदतीला पुढे झालं नाही. तीन घड्या घातल्या, गाठ मारली, आणि उठून वरच्या फळीवर, आजोबांच्या कानशीशेजारी ठेवली. मग बाईंकडे वळले.

"सूत तस्नीमनं लावलंय, बाई," ते म्हणाले. "जवारी आफरीनच्या हातची. माझ्या सुनेच्या. मी कानस ठेवली."